नवमीला थांबलेलं कोटिंग

"हात लावलास तर आज जेवण मिळायचं नाही," मी इंद्रजितला म्हटलं, आणि ते काही लाडानं म्हटलं नव्हतं.

तो मॅनिफोल्डसमोर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मॅनिफोल्ड नुकताच ब्लास्टिंग करून हुकाला टांगला होता. इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या, त्या एकत्र येतात तो गळा, आणि गळ्याखालून वळून जाणारी एक जाड नळी. वाळूच्या माऱ्यानं स्टेनलेसची सगळी चकाकी गेली होती, रंग राखेसारखा करडा झाला होता. बघणाऱ्याला वाटावं, काय हे भंगार. पण धग अडवणारं कोटिंग धरायला असाच खरखरीतपणा लागतो, आणि अशा वेळी त्याला उघडं बोट लागलं की संपलं. बोटाचं तेल त्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसतं. वरून कोटिंग छान दिसतं, भट्टीतूनही छान निघतं, आणि ट्रॅकवर नळी लाल झाली की नेमका तिथूनच पापुद्रा सुटतो.

"बघतोय फक्त," तो म्हणाला.

"लांबनं बघ."

त्या जाड नळीशी त्याचं वैरच होतं म्हणा. शर्यतीच्या गाडीत ती ड्रायव्हरच्या पायाशेजारून जाते, मध्ये एक पत्रा काय तो. मागच्या शर्यतीत तिच्यावरचं जुनं कोटिंग उडालं, सगळी धग आत आली, बुटाचा तळ मऊ पडला आणि हा गडी दर वळणाला पेडलवरचा पाय उचलत राहिला. शेवटून दुसरा आला. टीमचे मालक नरगुंदकर साहेब चारचौघांत म्हणाले, पाय उचलणारा ड्रायव्हर मला नको. तरी माणूस न्यायाचा, म्हणून त्यांनी एक संधी ठेवली. दसऱ्यानंतरच्या रविवारी हा आणि पुण्याचा एक पोरगा, दोघांनी एकाच गाडीत, एकाच ट्रॅकवर चालवून दाखवायचं. ज्याची वेळ चांगली, त्याला पुढचा सगळा हंगाम गाडी. इंद्रजितनं तिशी ओलांडली होती. ही गाडी गेली तर दुसरं कुणी बोलावणार नाही, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि घरातल्या तिसऱ्या माणसालाही माहीत होतं. त्या रविवारी नवऱ्याची परीक्षा तर होतीच, माझ्या कोटिंगचीही होती. त्यानंच साहेबांच्या मागे लागून हे काम आमच्या दुकानाला आणलं होतं.

तिसरा माणूस म्हणजे माझे सासरे, आबा. कोल्हापुरात 'हुजरे पेंटिंग वर्क्स' हे त्यांनी उभं केलेलं. उसाच्या चरकाचे भाग, पाण्याचे पंप, ऑइल इंजिनची चाकं, आयुष्यभर हेच रंगवलं. मी पुण्यात एका कंपनीत हे उष्णता झेलणारं सिरॅमिक कोटिंग शिकले होते. लग्न होऊन आल्यावर आबांनी मला आधी दुकानाचा एक कोपरा दिला, मग निम्मं दुकान, मग एक दिवस किल्ल्याच माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "आता तू मालकीण, मी राखणदार." सून म्हणून माझं असं भाग्य. लेकाचं मात्र तसं नव्हतं.

इंद्रजितची गाडी एकदा शर्यतीत उलटली होती. खुबा मोडला, महिनाभर दवाखान्यात. त्या खाटेशेजारी बसून आबा म्हणाले होते, परत त्या गाडीत बसलास तर माझ्याशी बोलू नकोस. हा बरा झाला आणि परत बसला. आणि हुजऱ्यांच्या घराण्यात शब्दाचे पक्के, बाकी कशाचे नसले तरी. तेव्हापासून दोघं एका घरात राहायचे, एका ताटलीतली भजी खायचे आणि बोलायचे माझ्या मार्फत. "पद्मजा, त्याला सांग, गाडीत हवा कमी आहे." तो समोर उभा असायचा. "पद्मजा, आबांना सांग, भरली सकाळीच." तेही समोरच. मी सुरुवातीला रडले, मग भांडले, मग हात टेकले. पोस्टाच्या पेटीसारखी मधे उभी राहायला शिकले.

तर ब्लास्टिंग झालं अष्टमीच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी म्हटलं, सकाळी लवकर कोटिंग उरकून टाकते, मग पूजा करू. आबांनी मान हलवली.

"नवमीला हत्यार चालत न्हाई. बसलेलं असतंय."

मी सांगून बघितलं की ब्लास्टिंग झालेली वस्तू ताटकळत ठेवत नाहीत. ते म्हणाले, स्टेनलेस आहे, एका दिवसात काय गंजतंय. तेही खरंच होतं. त्यांनी तोवर माझी स्प्रेची गन स्वतः पुसून पाटावर ठेवलीसुद्धा होती. गनच देवापुढं बसली म्हटल्यावर मी कशानं मारणार? मॅनिफोल्ड स्वच्छ कागदात गुंडाळला आणि हुकाला तसाच टांगून ठेवला.

पूजा आबांचीच. पाने, हातोड्या, कॉम्प्रेसर, भट्टी, माझी गन, सगळ्यांना फूल, सगळ्यांना हळदी-कुंकू. पाण्यातलं कुंकू लोखंडावर टिकत नाही म्हणून ते तेलात कालवायचे. आणि बोटं ओढायची त्यांची पद्धत वेगळी. बाकीचे लोक एका बोटानं एकेक रेघ काढतात. आबा चारही बोटं एकदम वाटीत बुडवायचे आणि भट्टीच्या दारावर वरून खाली ओढायचे. उजव्या हाताचं मधलं बोट तरुणपणी मशिनच्या पट्ट्यात सापडून पेरभर तुटलेलं, त्यामुळं चार रेघांतली एक कायम खालून सुरू व्हायची. आमच्या दुकानातल्या कुठल्याही मशिनवर ती आखूड रेघ बघितली की कळायचं, आबांनी पूजा केलीय.

इंद्रजित दारात उभा राहून नमस्कार करून गेला. मॅनिफोल्डकडे आबांनी बघितलंही नाही. मला वाईट वाटलं, सांगते खरं. वाटलं, एक फूल तरी ठेवायचं त्या कागदावर. लेकाची गाडी आहे, शेजाऱ्याची असती तर ठेवलं असतं.

आमचं घर दुकानाच्या मागच्या अंगाला. दुपारी जेवणं झाली, मी पुरणाची भांडी घासत होते, तेव्हा आबा किल्ल्या घेऊन निघाले. "समईत तेल घालून येतो," म्हणाले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, तिथंच खुर्चीत डुलकी लागली असेल.

दसऱ्याला हत्यारं उठवली. मी हातमोजे घालून कागद सोडला. घडी अगदी नीट होती, मला माझंच कौतुक वाटलं. नळ्या उजेडात फिरवून बघितल्या, कुठं डाग नाही, कुठं काही नाही. बारीक हातानं कोटिंग मारलं, भट्टीत भाजलं, आणि निघालं असं की बघत राहावं. आबा येऊन चष्मा वर करून बघून गेले.

"बरं झालंय," म्हणाले. आबांच्या तोंडून 'बरं' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडची आरती.

रविवारी ट्रॅकवर मीही गेले. हमरस्त्यापासून आत, माळावर होता तो. ऑक्टोबरचं ऊन, सावलीला एक झाड नाही. आधी पुण्याचा पोरगा गेला. चांगला चालवत होता, खोटं कशाला बोला. मग इंद्रजित बसला. पहिले काही फेरे असे मारले की मेकॅनिक इरफान घड्याळ बघून माझ्याकडे वळला आणि हसला. वेळ त्या पोराहून चांगली होती. मग पुढच्या फेऱ्याला वेळ वाढली. त्याच्या पुढच्या फेऱ्याला आणखी.

"धग येतीय आत," इरफान पुटपुटला.

आम्ही हातानं खूण केली, आत ये म्हणून. तो आला नाही. ठरलेले सगळे फेरे पुरे केले आणि मगच आला. गाडीतून उतरला तो एका पायावर. बुटाचा तळ पेडलला चिकटून निम्मा तिथंच राहिला होता. मी मोजा काढला तर पायाचा तळवा टरारून फुगलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून शिवी आली, दोन्ही एकदम.

"पाय नाही उचलला," तो म्हणाला. मला नाही, नरगुंदकर साहेबांना.

साहेबांनी त्या पायाकडे वाकून बघितलं. नळी गार झाल्यावर इरफाननं मॅनिफोल्ड सोडवून बाहेर आणला. चार नळ्या जशाच्या तशा, गळा जसाच्या तसा. आणि खालच्या जाड नळीवर, बरोब्बर पायाशेजारून जाते तिथं, कोटिंग सोलून निघालेलं. आसपास भेगा पडून पापुद्रे उचललेले, पण मुळात सुटलं होतं ते पट्ट्यापट्ट्यांनी. शेजारी शेजारी पट्टे. कुणालाही कळलं असतं, ही बोटं आहेत.

"कुणाचा हात लागलाय?" साहेबांनी विचारलं. शांतपणेच, पण ऐकणाऱ्याला घाम फुटावा असं.

इरफान म्हणाला, साहेब, आईशपथ, कोटिंग झालेलाच माझ्याकडे आला, मी वरून काय करणार. ते बरोबरच होतं. हे कोटिंगच्या आधीचं होतं, म्हणजे आमच्या दुकानातलं. साहेबांनाही ते समजत होतं. ते मला म्हणाले, वहिनी, सरळ सांगा. दुकानाची चूक असेल तर त्यात ड्रायव्हरचा दोष नाही. दुसरा मॅनिफोल्ड लावून याला पुन्हा चालवू देईन. पण मग तुमच्या दुकानाचं काम इथंच थांबलं, आणि कुणी विचारलं तर का थांबवलं ते मी सांगणार.

मला दुसरा विचारसुद्धा शिवला नाही. दुकान आज नाही उद्या सावरलं असतं, त्याची गाडी परत आली नसती. मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी इंद्रजित बोलला. तो नळीवर वाकून बघत होता, तसाच वाकलेला, मान वर न करता.

"मी लावला हात, साहेब. अष्टमीला. हिनं नको म्हटलं होतं."

"तू?" साहेब म्हणाले.

"व्हय. दुकानाची चूक न्हाई."

साहेबांनी सोललेल्या नळीवरून त्याच्या पायाकडे नजर नेली. मग म्हणाले, पाय उचलला नाहीस हे मी बघितलंय, ते मी लोकांना सांगेन. पण ज्याला आपल्याच गाडीच्या भागापासून हात आवरत नाही, त्याला मी हंगामभर गाडी कशी देऊ. त्यांनी पुण्याच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणाले, हा घेऊन जा, साफ करून परत कोटिंग करून द्या. म्हणजे दुकान राहिलं. इंद्रजितची गाडी गेली, ती कायमचीच. आज तो पोरांना छोट्या गाड्यांचं कार्टिंग शिकवतो, चांगला शिकवतो, पण ते पुढचं.

येताना गाडी मी चालवत होते आणि तोंडही मीच चालवत होते. कुणी सांगितलं होतं तुला हुतात्मा व्हायला. दुकान माझं आहे, माझी चूक मला कबूल करता येत नव्हती? आणि लावला असशील हात तर मग खरोखर मी काय बोलू तुला? मी दिवसभर डोळ्यांत तेल घालून राखलं ते काय असं मातीत घालायला? तो खिडकीबाहेर बघत होता. निपाणीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर मी गाडी थांबवली.

तो म्हणाला, "मागनं तो मॅनिफोल्ड दे जरा."

"कशाला? उरलेलं कोटिंग काढायला?"

"दे की."

मी दिला. त्यानं तो मांडीवर आडवा घेतला आणि उजव्या हाताची चार बोटं त्या सोललेल्या पट्ट्यांवर एकेक करून ठेवली. पहिलं बोट बसलं. तिसरं बसलं, करंगळी बसली. मधलं बोट पट्ट्याच्या वर गेलं, चांगलं पेरभर. मधला पट्टा खालून सुरू होत होता.

माझा राग कुठल्या कुठं गेला. नवमीची दुपार, किल्ल्या, समईचं तेल. आणि कागदाची ती नीट घडी. माझी घडी इतकी नीट जन्मात कधी झाली नव्हती.

सगळं लख्ख दिसलं. आम्ही कुणी नसताना आबांनी कागद सोडला होता. लेकाचा पाय जिथून जाणार, नेमकी ती जागा शोधून तिथं तेलातलं कुंकू ओढलं होतं. आणि मग, आपण बोलत नाही ते आठवून, कुणाला कळू नये म्हणून थिनरनं पुसून टाकलं होतं. त्यांच्या जुन्या रंगाला तेवढं चालायचं. पंपाच्या पत्र्याला तेल लागलं, थिनरचा फडका मारला, भागलं. हे कोटिंग तसलं नव्हे, त्याखालच्या खड्ड्यांत बसलेलं तेल फडक्यानं निघत नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार? मला कधी सांगावंसंही वाटलं नव्हतं, कारण ते त्या वस्तूला हात लावतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"तिथंच ओळखलं होतंस?" मी विचारलं.

"लगेच." त्यानं अजून बोटं काढली नव्हती. "तू सांगितलं असतंस दुकानाची चूक, तर आबांनी विचारलं असतं कशी झाली. तू शोधून काढलं असतंस. मग?"

मग काय, हे मलाही कळत होतं. लेकाची गाडी आपल्या हातानं घालवली हे त्या माणसाला कळलं असतं तर तो परत कधी दुकानाच्या पायरीवर बसला नसता. चहा गार झाला. इंद्रजित म्हणाला, आबांना हे कळता कामा नये. घरी गेल्या गेल्या ब्लास्टिंगला घाल. मी बरं म्हटलं, मॅनिफोल्ड पोत्यात घातला आणि पोत्याचं तोंड बांधलं.

आबा दुकानाच्या पायरीवरच बसले होते, संध्याकाळचं ऊन तोंडावर घेत. मी मनाशी वाक्य तयार ठेवलं होतं. नेहमीप्रमाणं ते मला विचारणार, काय झालं म्हणून विचार त्याला, आणि मी सांगणार, तो पोरगा जास्त चांगला चालवत होता, संपलं. पोतं मी माझ्या अंगाआड धरलं.

इंद्रजित उतरला, लंगडत दोन पावलं आला. आबांची नजर त्याच्या पायाकडे गेली, मग माझ्या हातातल्या पोत्याकडे, मग परत पायाकडे.

"पाय बघू," आबा म्हणाले.

मी वळून इंद्रजितला सांगायला लागले, सवयच ती, आबा म्हणतायत पाय... आणि थांबले. ते माझ्याशी बोललेच नव्हते.

इंद्रजित त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. आबांनी त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. मला म्हणाले, कोरफड काप. दारातल्या कुंडीतली एक पात मी कापून आणली, सोलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी तो गर वाटीत घेऊन चारही बोटं बुडवली आणि तळव्यावर टाचेपर्यंत ओढली. हलकेच, परत परत.

मग मान खाली ठेवूनच त्यांनी विचारलं, "कोटिंग गेलं का गं?"

"नाही आबा," मी म्हटलं, "कोटिंगला काय झालंय, तो मधला पत्राच..."

"आबा," इंद्रजित म्हणाला.

त्यानं थेट आबांना मारलेली हाक त्या घरात किती वर्षांनी ऐकली मी. आबांची बोटं त्याच्या पायावर थांबली. तो त्या बोटांकडेच बघत होता, त्या आखूड बोटाकडे, आणि टपरीवरचं ठरलेलं त्यानं तिथंच सोडलं.

"पुढच्या नवमीला बोटं ओढलीसा तर पुसू नका."

आबांना सगळं कळलं. चेहऱ्यावरूनच दिसलं मला, माणूस एकदम म्हातारा झाला तिथल्या तिथं. इंद्रजितनं पाय मागे घेतला नाही, उलट आणखी पुढं सरकवला, नीट मांडीवर.

आबा म्हणाले, "पुसलं नसतं तर दिसलं असतं की तुला."

"दिसू दे," इंद्रजित म्हणाला.

आबांनी बोटं पुन्हा वाटीत बुडवली. मी पोतं आहे तिथंच खाली ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले.